तुरा वर उभा राहतो, गोंडा खाली लोंबतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील कृषी पान वाचले आणि रात्रभर डोक्यातून गेले नाही. मक्याच्या लेखात ‘टॅसल म्हणजे झुपके येण्याच्या अवस्थेत पाण्याचा ताण पडू देऊ नये’ असे छापले आहे. सल्ला बरोबर आहे. पण शेजारच्या फोटोत कणसाच्या टोकाचे केस दिसतात आणि त्याखाली लिहिले आहे, ‘मक्याचा झुपका’. अहो, टॅसल म्हणजे तुरा, आणि फोटोत आहे तो तुरा नाही! तुरा शेंड्याला येतो, तो नर. केस खाली कणसाला येतात, ती मादी. एकेका केसाच्या मुळाशी एकेक दाणा असतो. तुऱ्यातले पराग त्या केसावर पडले तरच तो दाणा भरतो.

एवढ्याशा शब्दासाठी कशाला पत्र, असे तुम्हाला वाटेल. मला तो शब्द फार महागात पडला आहे, म्हणून लिहिते.

२०१६ च्या रब्बीत आमच्याकडे एका कंपनीचा मक्याचा बीजोत्पादन प्लॉट होता. चार ओळी मादीच्या, म्हणजे ज्यांच्या कणसांचे बियाणे घ्यायचे त्या; दोन नराच्या, म्हणजे ज्यांचे फक्त पराग घ्यायचे त्या. मादी ओळीतला तुरा पराग सुटायच्या आत उपटावा लागतो, नाहीतर बियाणे संकरित होत नाही. सासूबाई आजारी, मी शहरात दवाखान्यात. मजुरांची टोळी नवी होती, सगळा जन्म कपाशीत गेलेली माणसे. कंपनीचा मुलगाही नवा. त्याने छापील पत्रक वाचून दाखवले, ‘मादी ओळीतील झुपके दिसताच काढून टाकावेत’, आणि तो निघून गेला. इंग्रजी पत्रकाचे कोणीतरी घरबसल्या मराठी केलेले असणार. मजुरांनी झुपके शोधले. कोवळ्या कणसांवर त्यांना रेशमासारखे झुपके दिसले, ते त्यांनी इमानेइतबारे ओढून काढले. तिसऱ्या दिवशी मी परतले तर सऱ्यांमध्ये केसांचा सडा पडलेला आणि वर मादी ओळींचे तुरे डुलत होते. हात लावला की पिवळी भुकटी तळहातावर यायची. २०० मीटरच्या आत दुसरा मका नको म्हणून आम्ही शेजाऱ्यांच्या विनवण्या केल्या होत्या. ते सगळे वाया गेले. प्लॉट नाकारला. जे थोडे दाणे भरले ते साध्या मक्याच्या भावाने विकले. त्या मजुरांना मी एका शब्दाने बोलले नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. पत्रकात ‘तुरा’ असते तर आमच्याकडच्या शेंबड्या पोरानेही वर पाहिले असते.

इंग्रजीत टॅसल हा एकच शब्द सगळीकडे चालतो. आपल्याकडे प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द आहे. जो वर उभा राहतो तो तुरा, मग तो मक्याचा असो, उसाचा असो की फेट्याचा. जो खाली लोंबतो तो गोंडा. शेल्याच्या, घोंगडीच्या काठाला सुटे धागे राहतात त्या दशा. माझी आई दशांना गाठी मारत बसायची, तिच्या बोटांची लगबग अजून डोळ्यांसमोर आहे. माझी रायगडची जाऊ झेंडूच्या फुलालाही गोंडा म्हणते. आणि पुढाऱ्यापुढे जो गोंडा घोळतो तो कोण, हे मराठी माणसाला फोड करून सांगावे लागत नाही. इतका जिवंत शब्द तुमच्या उपसंपादकांना का सुचू नये?

हे विचारते, कारण त्याच अंकात, त्याच दिवशी, पोळ्याच्या पुरवणीत लिहिले आहे, ‘यंदा बैलांच्या शिंगांसाठी रंगीबेरंगी टॅसल्सना मागणी’. शिंगांना गोंडे बांधतात हो! बाजारात जाऊन दुकानदाराकडे टॅसल मागून पाहा, तो काय देतो ते कळेल. साडीच्या पदराला शहरातल्या मुली टॅसल लावतात तर लावू देत, तो त्यांचा शब्द झाला. पण बैलाच्या शिंगावरचा गोंडा तरी राहू द्या.

आणखी एक. मक्याचे बाजारभाव तुम्ही तीन-तीन दिवसांचे शिळे छापता, तेही इतक्या बारीक अक्षरात की सासऱ्यांना मला वाचून दाखवावे लागतात. कृषी पान आधीच आठवड्यातून एकदा येते. त्यात अर्धे पान जाहिरात.

उद्याच्या अंकात फोटोची दुरुस्ती छापावी, ही विनंती. आत्ता तालुकाभर मका तुऱ्यावर आहे आणि पान वाचून फवारणी, पाणी ठरवणारे लोक आहेत. आमच्या शेतातला तुऱ्याचा एक आणि केसांचा एक असे दोन फोटो या पत्रासोबत पाठवले आहेत. कोणता कोणता ते मागे पेनाने लिहिले आहे.

आपली,
एक शेतकरी वाचक, ता. सिल्लोड