एका चुकलेल्या बेरजेचे चार अर्ज

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी प्रवेशांविषयी वृत्तपत्रांत जे मार्गदर्शन छापून येते, ते बहुधा इंजिनिअरिंगच्या आणि एमबीएच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. परीक्षेत गुण किती, विद्यापीठाचा क्रमांक कितवा, तेवढ्या गुणांत नंबर कुठे लागेल, असा तो सगळा हिशोब. अमेरिकेत शिक्षणशास्त्रात एम.एड., एम.ए. किंवा पीएच.डी. करू पाहणारे शिक्षक हाच हिशोब घेऊन अर्जाला बसतात आणि तिथेच फसतात. या शाखेत अनेक ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा एकतर ऐच्छिक आहे किंवा मागतच नाहीत. जिथे मागतात तिथेही ती आता जुन्यासारखी पावणेचार तासांची राहिलेली नाही. सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांत आटोपते. प्रवेश समिती आधी पाहते ते वेगळेच. अर्जदाराला शिक्षणातला नेमका कोणता प्रश्न सतावतो आहे आणि तो हाताळणारे कोणी आपल्या विभागात आहे का, यावर अर्ज तरतो किंवा बुडतो.

पाचवीतल्या एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे असे समजा. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. बेरीज करूनही उत्तर अर्ध्याहून कमी आले, पण मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही. मूल अपूर्णांकाकडे एक संख्या म्हणून न पाहता दोन सुटे आकडे म्हणून का पाहते, हे ज्याला शोधायचे आहे त्याने ‘लर्निंग सायन्सेस’ किंवा गणित-शिक्षणाचे विभाग पाहावेत. वहीवर फुली मारण्याऐवजी ‘हे कसं काढलंस?’ असे विचारायला शिक्षक कसा शिकतो, हा प्रश्न ‘टीचर एज्युकेशन’ किंवा ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’चा. चाचणीतल्या चार पर्यायांत २/५ हा पर्याय ठेवलाच नसेल तर ही चूक कधी पकडलीच जाणार नाही, असे ज्याच्या मनात आले त्याची जागा ‘मेजरमेंट अँड इव्हॅल्युएशन’मध्ये. आणि प्रशिक्षणावर इतका खर्च होऊनही तीच चूक वर्षानुवर्षे त्याच वर्गांत का दिसते, असे विचारणाऱ्याने ‘एज्युकेशन पॉलिसी’कडे वळावे. बेरीज एकच, पण अर्ज चार, प्राध्यापक चार, पुढची नोकरीही चार तऱ्हेची. हे न ठरवता ‘एज्युकेशन’ एवढा एकच शब्द शोधून दहा विद्यापीठांना एकच मजकूर धाडणारा अर्जदार दहाही ठिकाणी अर्धवट दिसतो.

नावाच्या मागे धावण्यातही धोका आहे. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये आपली प्रयोगशाळा-शाळा शिकागो विद्यापीठात काढली, म्हणून तिथे शिक्षणशास्त्राचा मोठा विभाग असेल असे वाटते. तो विभाग २००१ मध्ये बंद झाला. ड्यूई स्वतः तर १९०४ मध्येच कोलंबियाला गेले होते. कोलंबियाच्या पदवीसाठी अर्ज करायचा तो ‘टीचर्स कॉलेज’कडे, कारण त्याचा कारभार आणि अर्जाची खिडकी वेगळी आहे. व्हँडरबिल्टमध्ये ‘पीबॉडी कॉलेज’ शोधावे लागते, न्यूयॉर्क विद्यापीठात ‘स्टाइनहार्ट’. विद्यापीठाच्या मुख्य संकेतस्थळावर नुसते चाळत बसले तर या गोष्टी हाती लागत नाहीत.

पदव्यांची नावे हा आणखी एक गुंता. एम.ए.टी. (मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग) ही मुळात तिथल्या एखाद्या राज्यात शिक्षक म्हणून परवाना मिळवण्याची पदवी. तिच्यातला मोठा वेळ जवळच्या शाळेत पाठ घेण्यात जातो आणि परवाना त्या राज्याच्या नियमांनी मिळतो. तिथे शाळेत शिकवायचे नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. एम.एड., एम.एस.एड., एम.ए. या साधारण ३० ते ३६ क्रेडिटच्या, एक ते दोन वर्षांच्या. हार्वर्डची एड.एम. पूर्णवेळ केली तर एका वर्षात होते. एड.डी. आणि पीएच.डी. या दोन डॉक्टरेटमधला फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. एड.डी. मुख्याध्यापक, अधिकारी अशा कामात असलेल्यांसाठी असते. तिथला प्रबंध आपल्याच संस्थेतल्या एखाद्या अडचणीवर बेतलेला असतो. एड.डी.ची अशी आखणी व्हावी म्हणून २००७ पासून ‘कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट’ या प्रकल्पाने बराच जोर लावला आहे. पीएच.डी. संशोधकांसाठी, चार ते सहा वर्षांची. गंमत म्हणजे एड.डी. प्रथम देणारी संस्था म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या १९२० मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाखेत आता नव्याने एड.डी.ला प्रवेश मिळत नाही; पीएच.डी. आहे आणि नेतृत्वासाठी तीन वर्षांची एड.एल.डी. आहे.

एड.डी.बाबत एक सापळा फार जणांना दिसत नाही. यातले बरेच अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी असल्याने पूर्ण ऑनलाइन किंवा बहुतांशी ऑनलाइन चालतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशोबात एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे फार तर ३ क्रेडिट, धरता येतात. त्यामुळे पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा कागद, मिळत नाही, आणि आय-२० नाही तर व्हिसाही नाही. शुल्क भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला एका ओळीचा ईमेल करावा: ‘हा अभ्यासक्रम एफ-१ विद्यार्थ्यांसाठी आय-२० देतो का?’ उत्तर लेखी घ्यावे.

तसाच दुसरा तपशील अभ्यासक्रमाच्या सीआयपी क्रमांकाचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विषय-वर्गीकरणातल्या क्रमांकाचा. पदवीनंतर कामाचा अनुभव घेण्यासाठी ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. त्यांना २४ महिन्यांची जोड मिळते ती फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना. शिक्षणशास्त्राचे बहुतेक अभ्यासक्रम त्या यादीत नाहीत. शैक्षणिक तंत्रज्ञान (१३.०५०१), शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन (१३.०६०१) आणि शैक्षणिक संख्याशास्त्र व संशोधनपद्धती (१३.०६०३) हे आहेत. ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’चा १३.०३०१ नाही. दोन विद्यापीठांत विषय जवळजवळ सारखाच असतो, पण एकाने तो एका क्रमांकाखाली नोंदवलेला असतो, दुसऱ्याने दुसऱ्या. क्रमांक आय-२० वर छापलेला असतो. पण तोवर निर्णय होऊन गेलेला असतो, म्हणून आधीच विचारावे. केवळ क्रमांकासाठी नको असलेला विषय घेणे हेही शहाणपणाचे नाही.

आता हेतुनिवेदन, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’. ५०० ते १००० शब्दांची मर्यादा असते आणि पहिले १०० शब्द बहुतेक जण वाया घालवतात. ‘मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे’, ‘शिक्षण हेच समाजपरिवर्तनाचे साधन आहे’ ही वाक्ये समितीने त्या हंगामात कितीदा वाचली असतील याचा अंदाज बांधावा. त्याऐवजी वरची चुकलेली बेरीज पहिल्याच ओळीत यावी. मग त्या चुकीवर काय करून पाहिले आणि ते कुठे अडले. त्यानंतर, जे अडले ते उलगडायला कोणते ज्ञान कमी पडते. विद्यापीठाचा उल्लेख इथे यावा, तोही कोणता अभ्यासवर्ग, कोणत्या प्राध्यापकांचे कोणते काम, इतक्या नेमकेपणाने. ‘आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात’ हे शब्द दिसले की खोडावेत. पडताळा सोपा आहे: त्या परिच्छेदात विद्यापीठाचे नाव बदलून पाहा. तरीही परिच्छेद जसाच्या तसा खपत असेल तर तो पुन्हा लिहायचा. ‘पर्सनल स्टेटमेंट’ वेगळे मागितले असेल तर त्यात जडणघडण आणि पार्श्वभूमी जाते. दोन्हीत तोच मजकूर चिकटवू नये.

पीएच.डी.साठी लेखनाचा नमुना लागतो, बहुधा १५ ते २५ पानांचा. एम.एड.चा आख्खा प्रबंध जोडणारे पुष्कळ असतात. तो कोणी वाचत नाही. आपल्या प्रबंधांत पूर्वाभ्यासाचा आढावा लांबलचक असतो आणि विश्लेषण चार पानांत उरकलेले असते. पाठवायचे ते नेमके तेच विश्लेषण, वाढवून, इंग्रजीत. उत्तरांत पडलेला फरक का पडला असावा, याची चर्चा त्यात हवी. नुसता कोष्टकाखालचा ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला’ हा निष्कर्ष पुरत नाही.

शिफारसपत्रे साधारण तीन. ‘सदर शिक्षक प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ आहेत’ हे पत्र चारित्र्याच्या दाखल्यासारखे वाचले जाते. ज्याने तुमचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला आहे त्याचे पत्र, पद लहान असले तरी, तुम्हाला ओळखतही नसलेल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्राहून जड भरते. पीएच.डी.साठी किमान दोघे तरी तुमचे लेखन-संशोधन जाणणारे हवेत. पत्र लिहिणाऱ्याला पाठाचे टाचण, निरीक्षणाची नोंद, हेतुनिवेदनाचा मसुदा आणि मुदतीची तारीख सहा आठवडे आधी द्यावी. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळते. तसे करू नये: तिन्ही पत्रे आणि हेतुनिवेदन एकाच हाताचे आहे हे दोन परिच्छेदांत कळते, आणि मग सगळाच अर्ज संशयात येतो. सरांना किंवा बाईंना इंग्रजीत लिहायला अवघड जात असेल तर त्यांनी मराठीत लिहावे आणि दुसऱ्या कोणी भाषांतर करून तसा उल्लेख करावा. शाळेचा अधिकृत ईमेल नसेल तर लेटरहेड, शिक्का आणि कार्यालयाचा दूरध्वनी पत्रावर हवा. अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. तो विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क देणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यातून आलेला आहे. ‘सोडतो’ म्हणावे, न सोडलेल्या हक्काखाली लिहिलेल्या पत्राला समिती कमी भाव देते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेले सगळ्या वर्षांच्या गुणांचे अधिकृत उतारे, खातात. गुणपत्रिकांच्या साक्षांकित झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ते विद्यापीठाकडून मोहोरबंद किंवा थेट जावे लागते. काही ठिकाणी त्याचे मूल्यांकनही, म्हणजे ते अमेरिकी पद्धतीत कशाच्या तोडीचे आहे याची त्रयस्थ तपासणी, मागतात. तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. ही अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीला समकक्ष मानायची की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. अशा वेळी बी.एड. कामाला येते, तरी ‘ते तर प्रशिक्षण’ म्हणून कित्येक जण त्याचे ट्रान्सक्रिप्ट जोडतच नाहीत. आणि टक्क्यांचे जीपीए, म्हणजे अमेरिकेतला ४ पैकी मोजला जाणारा सरासरी गुणांक, स्वतः करू नये. ६४ टक्क्यांना २५ ने भागून २.५६ लिहिणारा अर्जदार ३.० च्या किमान अटीखाली स्वतःच्या हाताने जातो; आपल्याकडचा पहिला वर्ग रीतसर मूल्यांकनात याच्या बराच वर बसतो. टक्के आहेत तसे लिहावेत आणि वर्ग कोणत्या टक्क्यांना मिळतो याचा तक्ता जोडावा.

नावाची गोष्ट क्षुल्लक वाटते पण अर्ज अडवते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बी.ए.ला माहेरचे नाव, बी.एड.ला सासरचे. टोफेल (इंग्रजीची परीक्षा), जीआरई आणि अर्ज यांत पासपोर्टवरचेच नाव हवे आणि बदललेल्या नावाचा पुरावा (विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र) सोबत जोडावा. नाहीतर ट्रान्सक्रिप्ट पोचूनही ते तुमच्या अर्जाला जोडलेच जात नाही आणि ‘अपूर्ण’ हा शेरा तसाच राहतो. टोफेल-आयईएल्ट्सचे गुण दोन वर्षे चालतात, जीआरईचे पाच.

पैशांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. पीएच.डी.ला शिक्षणशुल्क माफी, विद्यावेतन आणि आरोग्य विमा मिळण्याची प्रथा आहे. मास्टर्सला ते क्वचितच मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाच्या संशोधन शाखेची, ‘इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस’ची, मोठ्या प्रमाणावर कंत्राटे रद्द झाली, आणि संशोधनाचा पैसा आटला की जागाही आटतात. म्हणून अर्जापोटी १०० डॉलरच्या आसपास रक्कम भरण्याआधी ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दीडशे शब्दांत ईमेल करावा: प्रश्न काय, तुमच्या कोणत्या लेखाशी त्याचा संबंध, आणि येत्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का. मास्टर्ससाठी या पत्रव्यवहाराचा उपयोग नाही. तिथे माहितीसत्राला हजर राहावे, काही ठिकाणी त्यावरून अर्जाचे शुल्कही माफ होते. आर्थिक मदतीसह प्रवेश आला की लगेच होकार देण्याची घाई नको. ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना १५ एप्रिलपूर्वी उत्तराचा आग्रह धरता येत नाही.

पीएच.डी.च्या मुदती बहुधा १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात, मास्टर्सच्या जानेवारीपासून मार्चपर्यंत. ट्रान्सक्रिप्टसाठी ऑगस्टमध्येच विद्यापीठाच्या खिडकीशी उभे राहावे. आणि मुदत ‘रात्री ११.५९, ईस्टर्न टाइम’ अशी असेल तर हिवाळ्यात ती आपल्या दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२९ ला संपते. अर्जदार तोवर जागा असतो; शिफारसपत्र लिहिणारे मुख्याध्यापक मात्र त्या वेळी परिपाठ संपवून वर्गावर गेलेले असतात.

आपले,
शिक्षणशास्त्राच्या अर्जदारांना मार्गदर्शन करणारे काही वाचक