तलवारींआधी खापरे दाखवा

संपादक महोदय,

सहलींचा हंगाम आला की टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात शाळांची रीघ लागते. साठ मुले, दोन शिक्षक आणि हातात जेमतेम अर्धा तास. शस्त्रांपाशी झुंबड, बाकीच्या दालनांतून पळापळ, मग अंबाबाई आणि रंकाळा. यात कोल्हापूरचे सर्वांत जुने रोजचे जगणे तेवढे बघायचे राहते.

१९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला उत्खनन केले. सातवाहनकाळातील विटांची घरे, भांडी, मणी, नाणी निघाली. वरच्या थरात बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या. समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही ब्रह्मपुरीचीच. ती रोमन व्यापारातून आलेली, म्हणून सगळे तिचेच कौतुक सांगतात. ते रास्तच, पण इथल्या चुलीवर काय चढत होते हे मूर्ती सांगणार नाही, खापर सांगेल.

शिक्षकांनी आधी वर्गात एक तास द्यावा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून फुटक्या मडक्यांचे काठ आणावेत. जाड कागदावर एकाच केंद्रातून ५, ७, १० आणि १५ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे काढावीत. काठ कागदावर पालथा टेकवून सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी वळण जुळेल तेवढे त्या भांड्याचे तोंड. काठाखालून उजेड दिसला तर तुकडा तिरका धरला आहे, माप चुकणारच. दोन बोटांएवढे तुकडे घेऊ नयेत, ते कुठल्याही वर्तुळावर बसतात. तोंड अरुंद असेल तर पाणी-तेलाचे भांडे असण्याचा संभव जास्त, रुंद असेल तर रांधण्याचे. बाहेरून काजळी म्हणजे चुलीवर चढलेले. आतल्या अंगाला समांतर रेघा म्हणजे चाकावर घडवलेले. एवढे कळलेले पोर काचेआडच्या खापरापुढे आपणहून थांबते.

संग्रहालयात दहा-दहाचे गट करावेत. एका कपाटापुढे त्याहून जास्त मुले उभी राहिली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात. पहिली पंधरा-वीस मिनिटे ब्रह्मपुरीच्या वस्तूंना, शस्त्रे अगदी शेवटी. क्रम उलटा झाला की तलवारींपुढून कुणी हलत नाही, हे सांगायला नकोच. फोटो काढू देत असतील तर फ्लॅश बंद करून, काचेच्या जरा बाजूला उभे राहून काढावा. समोरून स्वतःचीच छबी येते. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रेही ‘तेव्हाचा परिसर कसा होता’ या नजरेने दाखवावीत. इमारतीला मात्र पाच मिनिटे पुरे: १८७२ ते ७६ मधले बांधकाम, आराखडा मेजर मँट यांचा, नवा राजवाडाही त्यांचाच.

तिथून ब्रह्मपुरी पायी जाण्याजोगी आहे. वस्ती नदीकाठी, पण उंचवट्यावर का, हे तिथे उभे राहून विचारावे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका ही पुराची पातळी कोल्हापूरच्या पोराला पाठ असते. उत्तर त्यातूनच निघते. खापराचा तुकडा दिसला तरी खिशात घालू देऊ नये, जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला हे कळायचा मार्ग संपतो.

एका दिवशी दोनपेक्षा जास्त तुकड्या नेऊ नयेत. वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा, पत्र देऊन संख्याही कळवावी.

आपले,
इतिहासाचे काही शिक्षक, कोल्हापूर