बाबांच्या टाळांना नवी दोरी घालून घे

रेडिंग, गुरुवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आई तुम्हाला हे मोठ्यानं वाचून दाखवतेय. मी चिमी. इंग्लंडमध्ये असते. माझी तब्येत छान आहे. गणपतीच्या आरतीला तुम्ही मला फोनवर दिसलात. आवाज अजून तसाच खणखणीत आहे तुमचा. तिसऱ्या कडव्याला सगळे पुटपुटायला लागले, तुम्ही एकट्यानं ते शेवटपर्यंत म्हटलंत. फार बरं वाटलं. आता आईकडून तुमचे टाळ मागून घ्या आणि थोडे वाजवून बघा.

आई, पुढचं तू बाबा झोपल्यावर वाच.

त्या दिवशी आरतीच्या आधी बाबांनी फोनकडे बघून "ह्या बाई कोण?" असं विचारलं आणि तू घाईघाईनं "अहो, चिमी!" म्हणालीस. मला वाईट वाटलं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. पण दोनच मिनिटांनी घंटा वाजली आणि बाबांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायला लागला. एक शब्द चुकला नाही त्यांचा. मुलीचं नाव जातं आणि आरती कशी राहते, ह्याचा मी रात्रभर विचार करत होते. जर्मनीत लायप्झिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी २०१५ साली ह्याचाच शोध घेतला होता. लहानपणापासून कानावर असलेली गाणी मेंदूचा जो भाग ओळखतो, त्याला अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं उशिरा आणि कमी धक्का लागतो, असं त्यांना दिसलं. बाबा अजून "मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, पंढरपूर" एका दमात म्हणतात ना, तेही मला असंच वाटतं. एसटीत तीस वर्षं ओरडून ओरडून ते गाण्यासारखंच बसलंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. इथून जवळच न्यूबरी नावाचं गाव आहे. तिथे २००३ साली 'सिंगिंग फॉर द ब्रेन' नावाचा गट सुरू झाला. अल्झायमर्स सोसायटी ही इथली सेवाभावी संस्था आता असे गट देशभर चालवते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस आणि त्याचं सगळं करणारं घरचं माणूस, दोघांनी जोडीनं यायचं आणि मिळून गायचं. आमच्या इथल्या एका गटात मी वसंत ऋतूपासून मदतीला जाते. खुर्च्या गोल मांडायच्या, सगळ्यांच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायची, चहा द्यायचा, एवढंच माझं काम. सुरुवातीला स्वागताचं गाणं असतं, त्यात प्रत्येकाचं नाव घेतात. मग सगळ्यांना येणारी जुनी गाणी, हातांच्या हालचालींसकट. परीक्षा कसली नाही. कोणी मध्येच उठून फिरायला लागलं तरी कोणी मान वळवून बघत नाही.

तिथे एक आजोबा येतात, पूर्वी पोस्टमन होते. चहाच्या वेळी ते बायकोशी अक्षर बोलत नाहीत. पण मी बघत असते त्यांच्या बायकोकडे. पहिल्या दिवशी बाई सारखी दाराकडे नजर ठेवून होत्या, नवरा उठून बाहेर गेला तर म्हणून. आता त्या दाराकडे पाठ करून बसतात. डोळे मिटून गातात. आणि आई, त्या चहा गरम असताना पितात. तुझा ओट्यावर बशी झाकून ठेवलेला कप मला दर वेळी आठवतो.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "चाळीस वर्षं ज्यांच्याशी बोलले ते समोर बसलेत आणि मला बोलायला कोणी नाही." फोन ठेवल्यावर मी खूप रडले. आम्ही सगळे 'बाबा कसे आहेत' विचारतो, तुझं कोणी विचारत नाही. मीसुद्धा नाही, आई. चूक झाली माझी.

गाण्यानं बाबा बरे होणार नाहीत, ती आशा मी तुला लावत नाही. पण फिनलंडमध्ये अशा ८९ जोड्या घेऊन दहा आठवडे एक प्रयोग झाला होता, त्याचा अहवाल २०१४ साली छापून आला. काहींनी घरच्या माणसाबरोबर गायचं, काहींनी नुसती गाणी ऐकायची, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवायचं. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही गटांतल्या रुग्णांचा मूड सुधारला. आणि जिथे गायले, तिथे सांभाळणाऱ्या माणसालाही बरं वाटायला लागलं. म्हणून म्हणते, हे बाबांच्या इतकंच तुझ्यासाठी आहे.

तू भजन का सोडलंस ते मला माहीत आहे. त्या एकादशीला बाबांनी मध्येच वरच्या पट्टीत सूर लावला, कोणीतरी मागे वळून "श्श" केलं आणि तू त्यांचा हात धरून बाहेर आलीस. दोन वर्षं झाली, तू मंडळात पाऊल ठेवलं नाहीस. त्या माणसाचा मला अजून राग येतो. पण त्याच्यापायी तुझा गळा का बंद व्हावा? "आपल्याच घरात का हे" असं तू विचारतेस. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली निघालेला अंदाज आहे. तेवढ्याच घरांत कोणीतरी तुझ्यासारखं दाराकडे बघत बसलेलं असेल. आपल्या गल्लीतही असेल, विचारून बघ.

मंडळात नको तर घरी बसा. पेटीवाल्या काकांशी मी बोलले, ते दर गुरुवारी यायला तयार आहेत. मावशीही येते म्हणाली. संध्याकाळी बाबांची घालमेल सुरू होते, म्हणून चारलाच बसा, अर्धा तास पुरे. बाबा पूर्वी पेटीच्या 'काळी दोन' पट्टीत म्हणायचे, काकांना आता त्याखालची 'पांढरी एक' धरायला सांग आणि लय थोडी कमी. नवीन काही नको, तरुणपणी पाठ झालेलंच. पुस्तक हातात देऊ नका. "हा अभंग कोणाचा, सांगा बघू" असं कोणालाही विचारू देऊ नकोस, त्यांना उत्तर आलं नाही की चेहरा पडतो. कानातलं मशीन घालून बसव, पण मग टाळाचा एकच जोड ठेवा. बंद खोलीत चार-पाच जोड वाजले तर मशीनमधून ते कानात टोचतात. पंढरपूरहून आणलेला तो जोड बाबांनाच दे. आणि तू चहाला उठू नकोस, मावशी करेल. तू गायला बस.

पुढच्या गुरुवारी तुमच्या चारला मी फोन लावते, इथे साडेअकरा वाजलेले असतील. मी इकडून टाळी धरेन. फोन फळीवर ठेवू नकोस, बाबांच्या समोर स्टुलावर ठेव. मी कोण हे त्यांना सांगत बसू नकोस.

त्या टाळांची काळी दोरी झिजलीय, आरतीच्या दिवशी दिसली मला. बुधवारपर्यंत नवी घालून घे.

तुमची,
चिमी