अपूर्णांक एका धड्यात संपत नाही: मा. शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. नदीच्या अंगाला केळी, वर कापूस आणि डोंगराच्या पायथ्याला पावरा आदिवासींच्या वस्त्या, असा हा पट्टा आहे. वर्गात अहिराणी बोलणारी मुलं आहेत तशी पावरी बोलणारीही आहेत. अपूर्णांकांच्या सरावासाठी मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे. ती करण्याआधी वर्गात काय घडतं ते सांगते.

पोळा होऊन आठवडा झाला होता. सहावीचा अपूर्णांकांचा धडा नुकताच संपला होता. मी विचारलं, "कळण्याच्या भाकरीच्या दळणात तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद. मग उडीद पूर्ण दळणाचा कितवा भाग?" वर्ग एका सुरात म्हणाला, "एक छेद तीन." मी ते फळ्यावर लिहिलं आणि गप्प राहिले. गणिताच्या तासाला सहसा मान वर न करणारी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, पन वाटा ते चार शेतस ना!"

घरचं दळण डब्यात भरून चक्कीवर तीच नेते. तिने दळण डोळ्यांपुढे आणलं म्हणून तिला पूर्ण दिसलं. बाकीच्यांना फक्त तीन आणि एक हे दोन आकडे ऐकू आले. मी तिलाच पुढे विचारलं, "सहा किलो दळण करायचं तर उडीद किती घेशील?" "दीड किलो." क्षणभरही विचार केला नाही. मग म्हटलं, हेच वहीत मांड. तिने मांडलं: १/४ × ६ = ६/२४. सहाने वरही गुणलं आणि खालीही.

महोदय, माझं सगळं म्हणणं या एका वहीच्या पानावर आहे. दीड हे उत्तर तिच्या तोंडात आहे, ६/२४ तिच्या वहीत आहे, आणि दोघांची गाठच पडत नाही. ६/२४ म्हणजे पुन्हा १/४ च झाला, म्हणजे सहा किलोच्या दळणात पाव किलो उडीद, आणि हे चुकीचं आहे हे ती चक्कीवर लगेच ओळखेल. वहीत मात्र तिला ते खटकत नाही, कारण वहीतल्या आकड्यांचा दळणाशी काही संबंध असतो असं तिला वाटतच नाही. ही गाठ एका तासात पडत नाही. आठवड्यामागून आठवडे, वेगवेगळ्या रूपांत तेच पुन्हा पुन्हा समोर यावं लागतं.

आपल्याकडे तसं होत नाही. मी शिकवत आलेल्या सहावीच्या पुस्तकात अपूर्णांकांवरील क्रिया पहिल्या भागात येतात आणि पोळ्यापर्यंत त्यांचा निकाल लागतो. ज्याच्या आधारे छेद समान करायचे तो लसावि त्यानंतर काही धड्यांनी येतो. दिवाळीनंतर गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. सातवीत परिमेय संख्यांवरील क्रिया. यातलं एकही अपूर्णांकावाचून उभं राहत नाही, पण अपूर्णांकाकडे परत जायला वेळापत्रकात जागा नसते. शेकडेवारीच्या तासाला २/३ + १/२ = ३/५ लिहिणारं मूल दिसलं की मी थांबते. पाठ्यक्रम मागे राहतो, आणि तो का राहिला याचा खुलासा मलाच द्यावा लागतो.

निपुण भारतमधून पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यांवर भर दिला गेला, ते योग्यच झालं. पण ते तिसरीपर्यंतचं आहे. अपूर्णांकाची खरी चढण तिसरीनंतर सुरू होते आणि तिथे मुलांना धरायला कोणी नसतं. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात सहावीच्या गणितात देशाची सरासरी ४६ टक्के आली, आणि सगळ्यांत कच्च्या निघालेल्या गोष्टींत अपूर्णांक होते. माझ्यासारख्या कुणाला याचं आश्चर्य वाटलं नसेल.

हा दोष फक्त आपल्याच मुलांचा आहे, असंही नाही. १९७८ साली अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्यायांत चार संख्या: १, २, १९, २१. दोन्ही संख्या जवळजवळ एक-एक, म्हणजे उत्तर दोनच्या आसपास. ते फक्त २४ टक्के मुलांना आलं. हाच प्रश्न मी सातवीला दिला. अर्ध्याहून जास्त मुलं १९ किंवा २१ वर गेली. पण मला त्याहून जास्त लागलं ते पुढचंच. दोन मुलांनी १०४ हा छेद घेऊन १८७/१०४ असं अचूक उत्तर काढलं होतं. त्यांना विचारलं, हे एकाच्या जवळ आहे की दोनच्या? दोघंही माझ्याकडे बघत राहिले. या मुलांना परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. गुण ऑनलाइन भरले की वरच्या कार्यालयात ती उत्तीर्ण दिसतात.

म्हणून मला सराव हवा आहे तो असा. एकाच प्रकारची पन्नास उदाहरणं नकोत. पानावर "भागाकार" असा मथळा असला की मूल दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणतं. मग खालचं वाक्य वाचायचं कशाला? आता ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा. अडीच लिटर दूध आहे, पाव लिटरचे किती ग्लास भरतील? अडीच लिटर दूध आहे, त्याचा पाव भाग म्हणजे किती दूध? पहिल्यात दहा ग्लास, दुसऱ्यात ५/८ लिटर. आकडे तेच, फरक "पाव लिटर" आणि "पाव भाग" यांतला. मुलाला इथे थांबावं लागतं, वाक्य पुन्हा वाचावं लागतं. असं थांबायची सवय लागायला कित्येक महिने जातात.

किंवा हे घ्या. शेताच्या १/२ भागात कापूस, उरलेल्याच्या १/३ भागात तूर, आणि राहिलेल्या ४ एकरांत केळी. शेत किती एकर? बहुतेक मुलं १/२ आणि १/३ मिळवतात, ५/६ करतात आणि शेत २४ एकरांचं करून मोकळी होतात. "उरलेल्याच्या" हा शब्द त्यांनी ओलांडलेला असतो. आता मी त्यांना आधी एक लांब पट्टी काढायला लावते. अर्धी पट्टी कापसाला, मग फक्त उरलेल्या अर्ध्या पट्टीचे तीन भाग, त्यांतला एक तुरीला. राहिलेले दोन भाग म्हणजे ४ एकर, म्हणजे एक भाग २ एकरांचा. असे पूर्ण पट्टीत सहा, म्हणून शेत १२ एकर. पट्टी नीट काढली तर पुढचं गणित तोंडी होतं. पण पट्टी काढायला वेळ लागतो. एका तासात अशी तीनच उदाहरणं होतात, आणि पाठ टाचणात तीन उदाहरणं फार थोडी दिसतात.

खानदेशात अशा उदाहरणांना तोटा नाही. कापूस जिनिंगला गेला की साधारण एक तृतीयांश रुई आणि बाकीची सरकी, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या बंधाऱ्यांखाली जमिनीचे फड पाडून पाण्याची पाळी वाटायची जुनी पद्धत आहे. तिथल्या शिक्षकांना वाटण्या शिकवायला पुस्तकाचीही गरज पडू नये. आणि शाळेतला पोषण आहार तर रोजचाच. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम, म्हणजे दीडपट. सहावी ते आठवीची ४० मुलं धरली तर दिवसाला ६ किलो. मग ५० किलोचा कट्टा किती दिवस पुरेल? ८ पूर्णांक १/३ दिवस. हा १/३ दिवस म्हणजे काय, यावर माझ्या वर्गात पूर्ण तास गेला. शेवटी एकाने सांगितलं की नवव्या दिवशी दोन किलो उरतील आणि त्यात तिसरा हिस्सा मुलांचाच भात होईल. तो तास वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

मागे आठवीला एक उदाहरण दिलं होतं: सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ९६,००० रुपयांत साल ठरवलं आणि सात महिन्यांनी सोडलं, तर त्याचे किती रुपये झाले? ७/१२ साल, म्हणजे ५६,०००. एका मुलाने उत्तर लिहून झाल्यावर विचारलं, "मॅडम, उचल धरायची का?" त्याचे वडील सालदार आहेत. मी उदाहरणात उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, लिहिली नव्हती, आणि त्याच्या घरी उचलीशिवाय साल नसतं. त्या दिवसापासून ते उदाहरण मी उचलीसकट घालते.

भाषेबद्दल थोडं. मराठीत अपूर्णांकांसाठी जे शब्द आहेत त्यांच्यातच गणित भरलेलं आहे. पाऊण म्हणजे पाव ऊन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे पावासह. पावणेदोन म्हणताना मूल दोनातून पाव वजा करत असतं. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. औट म्हणजे साडेतीन. ती पाठांतरं परत आणा असं मी म्हणत नाही. पण घड्याळात पावणेदोन ओळखणारं मूल वहीत १ ३/४ बघून "एक पूर्णांक तीन छेद चार" एवढंच म्हणतं, तेव्हा मला वाईट वाटतं. फळ्यावर १ ३/४ लिहिलं की मी आता तीनदा वाचून घेते: पुस्तकासारखं, घड्याळासारखं आणि घरच्या बोलीत. अहिराणीत मी स्वतः मदत करते. पावरीत मुलं मला शिकवतात.

आणि दिवाळीनंतर त्या पावरा मुलांतली काही वर्गात नसतात. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत निघतात, मुलंही जातात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला ती परत येतात, तेव्हा वर्ग सरळव्याजावर असतो. अपूर्णांक त्यांनी जुलैत एकदा पाहिलेला असतो. अशा मुलाला मी कुठून सुरुवात करून देऊ? त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड असतं, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं, ते गरजेचंच आहे. पण त्याच्याबरोबर एक सरावाची वही असती, तर उसाच्या फडावर कोपीत बसून त्याने रोज दोन उदाहरणं तरी केली असती. शेजारच्या टोळीतल्या थोरल्या बहिणीने तपासली असती.

म्हणून माझी मागणी या वहीचीच आहे. सहावी, सातवी, आठवीसाठी वर्षभर चालणारी अपूर्णांकांची सराव-वही, जून ते एप्रिल, दर आठवड्याला अर्धं पान. पहिला प्रश्न अंदाजाचा: उत्तर एकापेक्षा जास्त की कमी? मग चित्र किंवा पट्टी, मग गणित, मग उत्तर पूर्ण वाक्यात. क्रिया मिसळलेल्या, मथळ्याविना. आधी येऊन गेलेलं पुन्हा पुन्हा येणारं. ती पुण्याहून एकच एक छापून येऊ नये. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांकडून लिहून घ्यावी, आणि शाब्दिक उदाहरणं मुलांच्या बोलीत वाचून दाखवायला लेखी परवानगी असावी. अ‍ॅप नको. माझ्या वर्गातल्या घरांमध्ये मोबाइल वडिलांच्या खिशात असतो आणि वडील शेतात.

वेळ कुठून काढायचा, हे आपण विचाराल. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास ठरवून दिलेले आहेत. मी त्यांतले वीस तास मागते आहे, म्हणजे पन्नासावा हिस्सा. त्याच कायद्यात या वर्गांसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक सांगितला आहे. जिथे तो अजून नाही तिथे आधी तो द्यावा, कारण वही तपासायला माणूस लागतो. आणि ज्या चाचण्यांचे गुण आम्ही भरतो, त्यांतून मुलांनी कोणती चूक जास्त केली ते शाळेला परत कळावं. वर्गात किती जणांनी ६/२४ लिहिलं, हे मला माझ्या वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

दोन वर्षांत मी आणि माझ्या मुलांनी मिळून शंभराच्या आसपास शाब्दिक उदाहरणं लिहिली आहेत. कळण्याचं आहे, उचलीचं आहे, कट्ट्याचं आहे. काही पावरीत आहेत, त्यांच्याखाली मराठी. प्रत्येकाखाली मुलांनी केलेल्या चुकाही लिहून ठेवल्या आहेत, कारण पुढच्या शिक्षकाला त्याच जास्त कामाला येतील. या वहीची एक प्रत या महिन्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे देते आहे. आपल्या कार्यालयाने मागवली तर दुसरी प्रत लगेच पाठवीन. त्यात अक्षर मुलांचंच आहे, ते मी बदललेलं नाही.

आपली विश्वासू,
एक पदवीधर शिक्षिका (विज्ञान-गणित)
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा,
ता. चोपडा, जि. जळगाव