खाजेवर आंघोळ जरूर घाला, पण आधी कारण शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे. पावसाळा सुरू झाला की सर्दी-तापाच्या गिऱ्हाइकांबरोबर आणखी एक गिऱ्हाईक दारात येऊ लागते, ते म्हणजे खाजेने बेजार झालेल्या कुत्र्याचा मालक. त्याच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी नसते. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला घरगुती उपाय असतो आणि माणसाला चालते ते कुत्र्याला का चालू नये, असा त्याचा सरळ प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, मात्र दुकानात गर्दी असताना त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून ते सविस्तर मांडत आहे.

माणसाच्या कातडीच्या वरच्या आवरणात पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या कातडीत ते ३ ते ५ इतकेच भरतात. माणसाची त्वचा आम्लधर्मी असून तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ च्या आसपास असतो, तर कुत्र्याच्या त्वचेचा ७ किंवा त्याहून किंचित अधिक. त्यामुळे आपला अंगाचा साबण किंवा शाम्पू त्याच्या कातडीवरचे तेल धुऊन काढतो, कातडी कोरडी ठणठणीत होते आणि सकाळी आंघोळ घातलेले कुत्रे संध्याकाळी पहिल्यापेक्षा जास्त खाजवत बसते. त्यातून कुत्र्याला चाटण्याची सवय. अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट आज ना उद्या त्याच्या पोटात जाते, हे औषध मागणाऱ्याच्या ध्यानातच नसते. माणसाच्या घामोळ्यांवर गुणकारी असलेल्या कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असते आणि ते चाटण्यात आले तर कुत्र्याला उलट्या होतात. पाण्यात टाकताच दुधाळ होणारे जंतुनाशक अंदाजपंचे ओतले तर कातडी आणि जीभ दोन्ही पोळतात. घरात मांजर असेल तर धोका आणखी मोठा, कारण अशी रसायने शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. माणसांच्या खरजेसाठी मिळणारे परमेथ्रिनचे मलम तर मांजराच्या जिवावर बेतू शकते.

सर्वांत जास्त मागणी असते ती स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांची. त्यांनी खाज एका दिवसात थांबते, मालक खूश होतो आणि शेजाऱ्यालाही तेच सुचवतो. आत खरजेचे किडे किंवा बुरशी असेल तर मात्र त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि आजार आतल्या आत पसरत राहतो. ही मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, आणि तो नायट्यासाठी हीच मलमे मागणाऱ्या माणसांइतकाच मुक्या जनावरांच्या बाबतीतही पाळला पाहिजे, असे माझ्या व्यवसायबंधूंना या निमित्ताने सांगावेसे वाटते.

गावाकडची तऱ्हा वेगळी आहे. जत-आटपाडीच्या बाजूला कारवान जातीची, आखूड केसांची शिकारी कुत्री पाळतात; त्यांच्या अंगावर खरूज लगेच डोळ्यांत भरते आणि गॅरेजमधले जळके ऑइल चोपडण्याचा सल्लाही तितक्याच लगेच मिळतो. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले जड धातू असतात. ते कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातात आणि कुत्रे आतून खचते. दुसरा उपाय गोठ्यातला. म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेले सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ बादलीत टोपणभर टाकून तीच बादली कुत्र्यावर ओततात. प्रमाण चुकले तर कुत्रे लाळ गाळते, थरथरते किंवा गुंगीत पडून राहते. जनावरांना जंत-किड्यांवर टोचायचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने देणे तर त्याहून घातक आहे, कारण कोलीसारख्या मेंढपाळी जातींच्या पुष्कळ कुत्र्यांमध्ये ते आनुवंशिक दोषामुळे थेट मेंदूपर्यंत पोहोचते. जुन्या लोकांच्या गंधकात मात्र तथ्य आहे. गंधकाने खरजेचे किडे मरतात, आणि चुना व गंधक यांचे द्रावण पशुवैद्यही वापरतात; फरक इतकाच की ते मोजून पातळ करतात आणि कुत्र्याने अंग चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर अडकवतात.

आता घरच्या आंघोळीविषयी. मी तिच्या विरोधात नाही, उलट तिचा कैवारीच आहे. धूळ, परागकण, वाळलेल्या खपल्या आणि जुने तेल धुऊन गेले की खाजेचे निम्मे निमित्त निघून जाते, आणि ज्या कुत्र्यांना धुळीची किंवा परागाची ॲलर्जी असते त्यांना तर याचा चांगलाच उपयोग होतो, कारण हे कण कातडीतूनही शरीरात शिरत असतात. घरात मिळणाऱ्या वस्तूंपैकी या कामी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे ओट्स. ओट्सच्या अतिबारीक पिठाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये माणसाच्या त्वचेचे संरक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली, आणि कुत्र्यांच्या शाम्पूंतही ते वापरले जाते. त्यातील ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्ये दाह कमी करतात आणि त्यातला चिकट अंश कातडीत ओलावा धरून ठेवतो. ही द्रव्ये आपल्या ज्वारीत किंवा डाळीच्या पिठात नसतात, त्यामुळे ओट्सऐवजी बेसन लावून भागत नाही. ते केसांत वाळून चिकटते आणि सोडवताना कुत्रे आणि मालक दोघेही रडकुंडीला येतात.

ओट्स साधे घ्यावेत. मसाला ओट्सच्या पाकिटात कांदा-लसणाची पूड असते आणि ती कुत्र्याला बाधते. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी वाटीभर ओट्स मिक्सरमध्ये मैद्याइतके बारीक करून त्यातले चमचाभर पेलाभर पाण्यात ढवळून पाहावे. पाणी दुधाळ होऊन बोटांना बुळबुळीत लागले तर पीठ जमले, तळाशी रवा बसला तर पुन्हा दळावे. कुत्र्याचे केस विंचरून गुंता काढल्यावर हे पीठ कोमट पाण्याच्या बादलीत मिसळावे. पाणी कोमट म्हणजे खरोखर कोमटच असावे, कारण कढत पाण्याने खाज भडकते. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही म्हणून लोक साबण दुप्पट लावतात आणि तो नीट धुतलाही जात नाही. ओट्सच्या आंघोळीत साबणाची गरजच नसल्यामुळे तो प्रश्न उरत नाही. कानांत कापसाचे बोळे हलकेच ठेवून हे पाणी मगाने अंगावर घालत, पोटाखाली, काखांत आणि पायांच्या बोटांमध्ये हाताने जिरवत दहा मिनिटे घड्याळ लावून थांबावे. बहुतेकांचे सगळे इथेच फिसकटते, कारण कुत्रे दुसऱ्याच मिनिटाला अंग झाडते आणि घरचे लोक आंघोळ झाली असे समजून मोकळे होतात. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, टॉवेलने न घासता दाबून टिपावे आणि पंख्याखाली पूर्ण कोरडे करावे. पावसाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याच्या मानेखाली ओल राहिली तर काही तासांत तिथे तळहाताएवढी चिघळलेली जखम होऊ शकते. एवढे सगळे नीट केले तर आराम साधारण एक-दोन दिवस टिकतो.

इतर उपायांबद्दल थोडक्यात सांगतो. कडुलिंबाच्या पाल्याचे उकळून गार केलेले पाणी शेवटी अंगावर घातले तर अपाय नाही, पण कातडीत बिळे करून राहिलेल्या किड्याला त्याने काही होत नाही. हळदीचे नाव घेताच सांगलीकराचा ऊर भरून येतो, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरी कुत्र्याच्या अंगावर तिचा लेप दिल्यास कातडीचा लालसरपणा झाकला जातो आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना पिवळ्या रंगाखेरीज काही दिसत नाही. व्हिनेगर खरचटलेल्या कातडीवर झोंबते. खोबरेल तेल बुरशीच्या खाजेवर मुळीच लावू नये, कारण मॅलेसेझिया ही कुत्र्याच्या अंगावरची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते.

खरा मुद्दा असा की, कोणतीही आंघोळ घालण्यापूर्वी कुत्रे कुठे खाजवते हे पाहिले पाहिजे. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे चावत असेल तर बहुधा पिसवा असतात. बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरून फणीतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर झटकावी. ठिपक्यांभोवती तांबूस वर्तुळ उमटले तर ती साधी माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. अशा वेळी नुसते कुत्र्याला धुऊन काही साधत नाही, कारण पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगावर नसून त्याच्या गोणपाटात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत असतात. कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे आणि मागच्या पायांचे सांधे यांवर खपल्या असतील तर कानाची कड दोन बोटांत धरून चोळावी. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला तर खरजेची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, कारण ही खरूज माणसांना लागते आणि मुलांच्या दंडांवर, कमरेवर पुरळ उठते. पंजे सतत चाटणे आणि कान वारंवार दुखणे हे ॲलर्जीचे लक्षण आहे. अंगाला आंबूस वास, चिकटपणा आणि हत्तीसारखी जाड काळी कातडी दिसली तर बुरशीचे. यांतल्या प्रत्येकावरचे औषध वेगळे असते. पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब दिले असतील तर त्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये, नाही तर औषध मोरीत वाहून जाते.

हे सर्व ओळखायचे तर तपासणी जवळ हवी. माणसांच्या दवाखान्यांसाठी मिरज दूरवर प्रसिद्ध आहे, पण कुत्र्याच्या कातडीची साधी तपासणी करायची म्हटले की लोकांना कुठे जावे हे कळत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या कामात बुडालेले असतात, आणि दुग्धव्यवसायाच्या या जिल्ह्यात ते स्वाभाविकही आहे. तरीही कातडी खरवडून पाहण्यासाठी एक ब्लेड, एक काचपट्टी, थेंबभर लिक्विड पॅराफिन आणि सूक्ष्मदर्शक एवढेच लागते. खरजेचे किडे एका तपासणीत पुष्कळदा सापडत नाहीत हे खरे आहे, पण डॉक्टरांचा अनुभवी हात आणि नजर मिळाली तरी जळक्या ऑइलची वेळ येणार नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की, तालुक्याच्या दवाखान्यात जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातला एक दिवस, शक्यतो बाजाराचा, कुत्र्या-मांजरांच्या त्वचारोगांसाठी ठेवावा आणि तशी पाटी दारावर लावावी. सांगलीच्याच भूमिपुत्राचे, क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव धारण करणारे पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची शिबिरे या दिवसांना जोडून घेता आली तर डॉक्टरांवरचा भारही हलका होईल. आपल्या दैनिकानेही पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या पशुवैद्याकडून या विषयावर लिहून घेऊन छापावे. ते कात्रण मी दुकानाच्या काचेवर चिकटवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, मिरज (जि. सांगली)