पेंडी सोडून पट्टी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘अँटिऑक्सिडंट आहारा’वर, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या घटकांच्या आहारावर, अर्धं पान आलं होतं. त्यात ‘केल’ नावाची परदेशी पालेभाजी होती, ब्रोकोली होती, अ‍ॅव्होकाडोही होता. मेथी, चाकवत, पोकळा, तांदळी या आपल्या पालेभाज्यांचं मात्र नावसुद्धा नाही. माझं कराडात औषधांचं दुकान आहे. सोमवारी सकाळीच एक गिऱ्हाईक ते पान घेऊन आलं. म्हणालं, “यातलं काय गोळीत मिळत असंल तर द्या.”

तशा गोळ्या दुकानात आहेत, आणि त्या खपल्या तर फायदा माझाच आहे. तरी सांगतो, अंगात कमतरता नसताना, डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसताना त्यांवर पैसे घालू नयेत. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आले. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या (शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं) गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होणं राहिलंच, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

पालेभाजीत हेच बीटा कॅरोटीन असतं, पण एकटं नसतं. सोबत क जीवनसत्त्व, फोलेट आणि चोथा असतो. ल्युटीन असतं, जे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठतं आणि शरीराला स्वतः तयार करता येत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. हा सगळा ऐवज मंडईत दहा-वीस रुपयांच्या पेंडीत मिळतो. आणि आम्ही काय करतो? मुळा घेताना भाजीवाल्या मावशींना सांगतो, “पाला तेवढा काढून टाका.” शेवग्याची तर कमालच आहे. परड्यात झाड, शेंगा आमटीत, पाला शेळीपुढे. आणि त्याच पाल्याची पावडर माझ्या दुकानातून डबीभर पैसे मोजून न्यायची!

भाजी करण्यातही थोडं भान हवं. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. शिजवलेलं पाणी पिळून टाकू नये. आणि डाएटच्या नावाखाली फोडणीला उगाच नावं ठेवू नयेत, कारण कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. आमच्याकडे चाकवत ताकातला, डाळ-दाणे घालून आणि वर लसणाची चरचरीत फोडणी. ती नसेल तर मी जेवायला बसत नाही, हे वेगळं. भाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवल्याजेवल्या चहा घेतला की तेच कमी होतं.

एक गोष्ट पुरवणीत यायलाच हवी होती. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी असे लेख वाचून एकदम वाटी-वाटी पालेभाजी सुरू करू नये. तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी बंद करायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं असावं आणि ते डॉक्टरांना माहीत असावं. ऑक्झलेट या क्षाराचा मुतखडा झालेल्यांनीही पालक आणि माठ किती खावा, ते आधी विचारून घ्यावं. पुढच्या रविवारी एवढी चौकट छापलीत तर ती कापून काउंटरवर चिकटवीन.

आपला,
एक औषधविक्रेता, कराड