'कौन'मध्ये नुसती बेल वाजत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या भयपटांवरच्या लेखात राम गोपाल वर्मांच्या 'कौन'ची (१९९९) दोन परिच्छेदांत वासलात लावली आहे. दीड तास बेल वाजते आणि काहीच घडत नाही, हा एक आरोप. शेवट म्हणजे शुद्ध फसवणूक, हा दुसरा. वर तो शेवटही लेखकमहाशयांनी सांगून टाकला! ज्यांनी अजून पाहिला नव्हता त्यांच्या तोंडचा घासच काढून घेतला. मी तो इथे सांगणार नाही.

बेल वाजते हे खरं. घरात एकटी बाई, बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर शहरात खुनी मोकाट असल्याची बातमी, आणि दाराशी मल्होत्रासाहेबांना विचारत आलेला एक अनोळखी माणूस. इथे मल्होत्रा कोणी राहत नाही म्हटलं तरी तो हलायला तयार नाही. मनोज बाजपेयीने हा माणूस असा उभा केलाय की तो धड गुंड वाटत नाही, धड सज्जन वाटत नाही. नुसता चिवट. त्याची बडबड लेखकाला असह्य झाली म्हणे. अहो, मग ती कशासाठी आहे?

'ती सरळ दुर्लक्ष का करत नाही?' हा प्रश्न वाचून मात्र मला हसू आलं. भर दुपारी घरात एकटं असताना सेफ्टी डोअरच्या जाळीतून कुणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली दिसत नाही. बाहेरचा माणूस बहुतेक वेळा साधाच असतो, पाण्याचं फिल्टर विकणारा किंवा पत्ता चुकलेला. आपण दार उघडत नाही, आणि वर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. बिचारा उन्हातून आला होता, निदान पाणी तरी विचारायला हवं होतं. भीती आणि भिडस्तपणा यांच्या मधे एवढीशी कडी असते. वर्मांनी अख्खा चित्रपट त्या कडीला टांगलाय.

आता फसवणुकीबद्दल. शेवट ठाऊक असताना मी 'कौन' आणखी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा फक्त उर्मिला मातोंडकरकडे बघत होते. एकाही दृश्यात ती घाबरल्याचं नाटक करत नाही. तिची भीती खरी आहे. ती कशाची, हे आपण पहिल्या दहा मिनिटांत परस्पर ठरवून मोकळे होतो. यात दिग्दर्शकाने काय फसवलं?

तेव्हा तो तिकीटबारीवर फार चालला नाही, त्याचं मला नवल वाटत नाही. 'रंगीला'तली उर्मिला बघायला आलेल्यांना एक घर, तीन नट आणि शून्य गाणी मिळाली. ते तिघेही आदल्या वर्षीच्या 'सत्या'त होते, आणि 'सत्या'च्या लेखकांपैकी अनुराग कश्यप यांनीच 'कौन' लिहिला. म्हणजे हे काही हौशी मंडळींचं काम नव्हतं. बिनगाण्यांचा, एका घरातला, पावसाळी रात्रीचा चित्रपट म्हणावा तर त्याआधी तीस वर्षं मागे 'इत्तेफाक'पर्यंत जावं लागतं, आपल्या नंदाच्या. त्याला आज सगळे मान देतात.

दोष नाहीत असं नाही. पार्श्वसंगीत कानात बोटं घालायला लावतं. जिथे नुसती शांतता पुरली असती तिथेही ढॅण्! एकदा आवाज अगदी बारीक करून बघा, जास्त भीती वाटते.

मी तो पहिल्यांदा केबलवर पाहिला. यजमान रात्रपाळीला होते. पहाटे साडेपाचला बेल वाजली. वर्षानुवर्षं त्याच वेळी येणारा दूधवाला, पण आतूनच तीन वेळा 'कोण?' विचारलं आणि पिशव्या बाहेरच ठेवून जा म्हणून सांगितलं. पुरतं उजाडल्यावर दार उघडलं. तोवर मांजराने एक पिशवी फोडली होती आणि दूध दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं होतं.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)